करारात ‘दरवाजा’ लिहिला आणि चौकट गेली: कसबा पेठेतल्या एका वाड्याचं प्रकरण

विकसन कराराच्या अकराव्या पानावर एक ओळ होती: ‘वाड्याचा जुना सागवानी दरवाजा विकसकाने जपून उतरवून मूळ मालकांच्या ताब्यात द्यावा.’ ती ओळ मी घालायला लावली होती. वकिलांनी ती टाइप करून आणली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पुढे त्या ओळीतल्या एका शब्दानं घात केला. जुन्या लाकूडकामाची दुरुस्ती हा माझा रोजचा धंदा, तरी तो शब्द मला तेव्हा खटकला नाही. पुण्याच्या पेठांमधले कितीतरी वाडे आजही कराराच्या टेबलावर आहेत, म्हणून काय झालं ते सगळं लिहून ठेवते आहे.

वाडा कसबा पेठेतला, तांबट आळीच्या अंगाला. दोन चौकी, दुमजली. पुढचा चौक फरसबंद, मागच्या चौकात आड आणि तुळशीवृंदावन. मालक तीन भाऊ. थोरले वाड्यातच राहणारे, मधले आणि धाकटे कधीच बाहेर पडलेले. भाडेकरू नऊ. त्यांतल्या एक आजी लग्न होऊन त्या दारातून आत आल्या त्या तिथेच राहिल्या. वाड्याची सगळी हकिकत त्यांना पाठ.

आता दाराबद्दल. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जायचं, दोन्ही अंगांना बसायला कट्टा आणि पणतीचा एकेक कोनाडा. दाराच्या दोन फळ्या, आठ फूट उंच, दोन इंचांहून जाड. उजव्या फळीत दिंडी, म्हणजे फळीतच कापलेलं छोटं दार, जेमतेम चार फुटांची. दिंडीतून आत यायचं म्हणजे आधी मान लववायची आणि पाय उचलून उंबऱ्यापलीकडे टाकायचा. त्या क्षणी आत येणारा माणूस कितीही धिप्पाड असला तरी आतल्या माणसाच्या हातात असतो, दिंडीची रचनाच तशी. मागच्या बाजूला भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा अडसर आणि त्यामागे देवडी, म्हणजे दाराआतली पहारेकऱ्याची जागा. फळ्यांवर लोखंडी गुलमेखांच्या, म्हणजे मोठ्या डोक्याच्या खिळ्यांच्या रांगा. एकेका गुलमेखीचं डोकं हातानं ठोकून काढलेलं, त्यामुळे दोन शेजारच्याही एकसारख्या नव्हत्या.

बिजागऱ्या या दाराला नव्हत्याच. प्रत्येक फळीच्या कडेचं लाकूड वर आणि खाली खुंटीसारखं पुढे काढलेलं. खालची खुंटी दगडी उखळीत बसायची आणि वरची चौकटीमागच्या जाड लाकडातल्या भोकात. फळी चौकटीला अडकवलेली नव्हती, चौकटीच्या पोटात उभी होती. पुढे जे झालं ते कळायला हे लक्षात ठेवावं लागेल.

आणि चौकट! ती दुहेरी. आतली साधी, बाहेरची कोरीव. दोन्ही खांबांच्या तळाशी घट, त्या घटातून वर चढणारा वेल, आणि खांद्याशी लोंबणारं केळफूल. नाना फडणवीसांच्या नाना वाड्यातल्या सुरूच्या आकाराच्या खांबांवर केळफूल दिसतं, विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातल्या लाकूडकामातही दिसतं. पेठांतल्या सुतारांच्या हाताला ते पुरतं बसलेलं होतं. वरच्या आडव्या पट्टीवर मधोमध गणपती, म्हणून तिचं नाव गणेशपट्टी. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून गणपतीचे डोळे-सोंड सगळं एकजीव झालेलं. त्याच्या दोन बाजूंना वेल आणि टोकांना एकेक पोपट, दोघंही गणपतीकडे तोंड करून. उजव्या पोपटाच्या चोचीत आंबा. डाव्याची चोच रिकामी. पहिल्यांदा मला वाटलं, तुकडा उडाला असेल. शिडीवर चढून टॉर्च लावला तेव्हा कळलं की चोच शाबूत आहे आणि डाव्या बाजूचा आंबा वेलावरच आहे, चोचीपासून बोटभर लांब. एका पोपटानं आंबा तोडलाय, दुसरा अजून पोचायचा आहे. ज्या सुतारानं हे केलं त्याला दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या काढणं सोपं गेलं असतं. त्यानं ते केलं नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून गाजावाजाही केला नाही. अशा जागी मला हात जोडावेसे वाटतात.

आता असं बघा. वाड्याचं दार आत उघडतं आणि दिवसभर उघडंच असतं. उघडल्यावर फळ्या देवडीच्या दोन भिंतींना टेकतात, त्यांची दर्शनी बाजू आत वळते. रस्त्यावरच्या माणसाला दिवसा फळ्या दिसतच नाहीत. दिसते ती चौकट. म्हणून पेठांतल्या वाड्यांमध्ये कोरीव काम फळ्यांवर फारसं नाही, ते चौकटीवर आणि गणेशपट्टीवर आहे. फळी रात्रीसाठी, राखणीसाठी. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा: हत्तीनं डोकं लावू नये म्हणून फळ्यांवर टोकदार खिळे, कारण तो दरवाजा बंद असतानाच कामाचा. पेठेतल्या वाड्यावर हत्ती घालायला कोण येणार होतं? तिथे त्या खिळ्याची टोकं गेली आणि शोभेची गुलमेख उरली, असं मला वाटतं. दगडात हाच विचार बघायचा तर सोमवार पेठेत नागझरीकाठच्या त्रिशुंड गणपतीच्या देवळात जावं. १७५४ मध्ये काम सुरू झालेल्या त्या देवळाची सगळी श्रीमंती द्वाराच्या भोवती आहे, गेंड्याला साखळदंड घालणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या शिल्पासकट. मधल्या मोकळ्या जागेतून आपण आत जातो, आणि बघायचं ते सगळं कडेला असतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही करारात मी ‘दरवाजा’ एवढाच शब्द जाऊ दिला.

वाडा पाडायची वेळ का आली, यात नवीन काही नाही. पानशेतच्या पुरानं १२ जुलै १९६१ ला नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे नेले. जे राहिले ते भाडेनियंत्रणानं हळूहळू खाल्ले. १९४७ च्या कायद्यानं भाडी गोठली. या वाड्यात एका खोलीचं महिन्याचं भाडं चहाच्या चार कपांइतकंही नव्हतं. तेवढ्यात कौलं शाकारायची, तुळया बदलायच्या, वाळवीचा बंदोबस्त करायचा? मालकाला दोष देता येत नाही आणि भाडेकरूलाही नाही. शेवटी मागच्या सोप्याची भिंत पोट काढून बाहेर आली, महापालिकेची कलम २६४ ची धोकादायक इमारतीची नोटीस लागली, आणि तिन्ही भावांनी सह्या करायचं ठरवलं. वाडा वारसा यादीत नव्हता. वाडा वाचवावा असं मी एकदा बोलून बघितलं. आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात तू इथे एक रात्र झोपून दाखव, मग बोल.” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

करार व्हायच्या महिनाभर आधी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी वाड्यावर येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, “फळ्या तुम्हीच ठेवा. मला फक्त चौकट आणि वरची पट्टी द्या.” घरात सगळ्यांना ते चमत्कारिक वाटलं. दरवाजा आपल्याकडे आणि भोवतालची लाकडं त्याला, वर तो पैसेही देणार! थोरल्या काकांनी मला विचारलं तेव्हा मी कायद्याचं तेवढं सांगितलं: शंभर वर्षांहून जुनं कोरीव लाकूडकाम १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. व्यापारी परत आला नाही. पण त्याच्या मागणीतच धडा होता आणि तो मी घेतला नाही. दारातलं मोलाचं काय ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चोख कळलं होतं.

वाडा जूनच्या पहिल्या आठवड्यात पाडायला घेतला. पाऊस तोंडावर, त्यामुळे घाई. मोडकामाची एक रीत असते: ठेकेदार विकसकाला ठोक रक्कम देतो आणि निघेल तो माल उचलतो. सागवान, पितळ, घडीव दगड, कौलं, सगळं त्याचं. म्हणजे करारात नाव घेऊन जे वगळलेलं नाही ते आपोआप त्याचं होतं. ही रीत काही वाईट नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांचं लाकूड पुन्हा वापरात येतं ते तिच्यामुळेच. मला पाडकामाची तारीख दोन दिवस पुढची सांगितली होती. मी पोचले तेव्हा रस्त्याच्या बाजूची भिंत कमरेइतकी उरली होती. दोन्ही फळ्या गोणपाटात गुंडाळून शेजारच्या बोळात नीट उभ्या केलेल्या होत्या. देखरेखीवरचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, “दरवाजा जपून ठेवलाय मॅडम, एक ओरखडा नाही.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी दरवाजा म्हणजे उघडतो-मिटतो तो.

मी गोणपाट सोडलं. दोन्ही फळ्यांच्या वरच्या खुंट्या करवतीनं साफ कापलेल्या होत्या. साहजिकच होतं ते. अशी फळी काढायची तर आधी वरची चौकट मोकळी करायला हवी. त्यासाठी वरच्या भिंतीला टेकू, मग पट्टीवरचं बांधकाम हलकं करणं, मग पट्टी उचलणं, आणि मग फळी आपसूक सुटते. चार माणसांचं दोन दिवसांचं काम. करवतीनं पाच मिनिटांत झालं. दरवाजा वाचवायचा म्हणून दरवाजाच कापला होता. आणि चौकट, गणेशपट्टी, दगडी उंबरा, उखळी, अडसर यांतलं काहीच तिथे नव्हतं. उंबऱ्याच्या दगडावर दिंडीसमोर पावलापावलानं झिजून वाटीएवढा खळगा पडला होता. तो दगड राडारोड्याच्या ट्रकमधून गेला आणि परत कधी दिसला नाही.

भांडण करून उपयोग नव्हता. विकसकानं करार शब्दशः पाळला होता. लाकूड कुठे गेलं एवढं मात्र ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं: भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. तिथे जुन्या सागवानाची दुकानं आहेत, तिथे लाकूड घनफुटानं विकलं जातं. खिळे काढायचे, रंग तासायचा, करवतीखाली घालायचं, की वाड्याच्या तुळईच्या नव्या फ्लॅटच्या खिडक्या होतात. म्हणजे उशीर करून चालणार नव्हतं. मी, थोरले काका आणि ज्यांच्याबरोबर मी कायम काम करते ते मिस्त्री, असे तिघं सकाळपासून दुकानामागून दुकान बघत फिरलो. गणेशपट्टी पाचव्या दुकानात सापडली. तुळयांच्या थप्पीला टेकवून, उलटी, कोरीव बाजू भिंतीकडे. मिस्त्रींनी मागूनच ओळखली. चौकटीच्या पट्टीची दोन्ही टोकं हातभर भिंतीत गेलेली असतात, तेवढ्या लाकडाला कधी रंग लागत नाही, ऊन लागत नाही. कापलेल्या कडेवर तो ताजा, मधाच्या रंगाचा सागवान दिसत होता. उजवीकडे करवत भिंतीला लागून चालवली होती, तिथे फक्त भिंतीतलं टोक गेलं होतं. डावीकडे बहुधा लोखंडी पाचर लागली असावी, म्हणून कापणारा वीतभर आत सरकला होता. त्या वीतभरात पोपटाची शेपूट गेली होती.

एक खांब त्याच दुकानात मिळाला. दुसऱ्याच्या पट्ट्या कापून झाल्या होत्या. त्यांतली एक मला दिसली, तिच्यावर केळफुलाची अर्धी पाकळी होती. दुकानदार शेठनी पट्टीचा भाव घनफुटानं लावला नाही, अर्थातच. काकांनी भाव न करता पैसे दिले आणि वाड्याच्याच तुळईचा एक चार फुटी तुकडाही मागून घेतला. तो तुकडा घ्यायचं सुचलं ते मिस्त्रींना, आणि या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

दुरुस्तीला हिवाळाभर लागला. ऑइलपेंटचे थर मी मोजले: वरून चॉकलेटी, मग हिरवा, मग पुन्हा चॉकलेटी, मग पिवळसर, आणि तळाशी तेल पिऊन काळवंडलेलं लाकूड. घरात लग्न निघालं की एक हात, अशी आजींची माहिती. रंग काढायला आम्ही आच वापरली नाही, पटाशीही नाही. रंग सैल करणारा लेप लावायचा, थांबायचं, आणि बांबूच्या कामट्यांनी खाचेखाचेतून ओढायचं. दिवसाला वीतभर काम व्हायचं. गणपतीवरचा शेंदूर मात्र काढला नाही. धाकट्या भावाला खालची मूर्ती बघायची होती. शेंदूर हा रंग नाही, तो पूजेचा भाग आहे, आणि तो वाहणाऱ्या आजी अजून हयात आहेत, एवढंच मी म्हटलं. तो विषय तिथेच मिटला. लाकूड स्वच्छ झाल्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. फळ्यांच्या कापलेल्या खुंट्या वाड्याच्या तुळईतूनच नव्या घडवल्या आणि तिरक्या सांध्यानं बसवल्या. तेच झाड नसलं तरी त्याच वाड्यात तेवढीच वर्षं मुरलेलं लाकूड, ते पुढे ओढून धरत नाही आणि पिळतही नाही. नवीन सागवान घातलं असतं तर सांधा दोन पावसाळ्यांत उघडला असता.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दुसऱ्या खांबावरून. मिस्त्रींच्या हातात तो वेल हुबेहूब काढायची कला आहे. उरलेला खांब समोर होता, नमुना शोधायलाही जायचं नव्हतं. मधले भाऊ म्हणाले, मग काढाच. मी नको म्हटलं. नवा खांब त्याच मापाचा, त्याच कडांचा, पण साधा ठेवावा असं माझं म्हणणं होतं, कारण पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला जुनं कुठलं आणि आमचं कुठलं ते कळायला हवं. यावर दोन बैठका झाल्या. मिस्त्रींनी शेवटी निकाल दिला: “ताई म्हणतात ते करू. त्यानं काढलेला वेल त्याचा. मी काढला तर माझाच निराळा काढीन.” साधा खांब ठेवला आणि त्याच्या मागच्या अंगावर, भिंतीकडच्या बाजूला, दुरुस्तीचं साल कोरलं.

बसवायची कुठे, हा प्रश्न सोपा नव्हता. नव्या इमारतीच्या खाली पार्किंग. गाड्यांच्या वाटेवर साडेपाच फूट रुंदीच्या दाराचं काय काम? आम्ही ते जिना-लिफ्टकडे जाणाऱ्या पायवाटेवर घेतलं. आगीच्या नियमांमुळे सुटकेच्या वाटेवर कडी-कुलूप चालत नाही, म्हणून फळ्या कायमच्या उघड्या, दोन्ही भिंतींना टेकलेल्या. चाकाच्या खुर्चीसाठी जमीन सपाट हवी, म्हणून उंबरा नाही. दिंडीतून आता कोणी वाकून जात नाही. हे सगळं खुपतं. पण फळ्या देवडीत टेकलेल्या आणि चौकट रस्त्याला सन्मुख, हे दिवसाचं चित्र जसं होतं तसंच राहिलं. चौकट काँक्रीटमध्ये चिणली नाही. भोवती बोटभर फट ठेवून गंज न चढणाऱ्या पट्ट्यांनी धरली आहे आणि पायाखाली दगड दिला आहे, म्हणजे सिमेंटची ओल लाकडात चढणार नाही आणि उद्या काढावी लागली तर करवत लागणार नाही. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात वाड्यांची कोरीव दारं आहेत. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून वस्तू जमवल्या नसत्या तर ती बघायलाही मिळाली नसती. तरी दाराखालून माणसं गेली पाहिजेत, एवढा हट्ट मी धरला होता.

त्यानंतर त्याच आळीत दुसऱ्या एका वाड्याचा करार आला. त्यात मी ‘दरवाजा’ हा शब्द एकटा ठेवला नाही. दोन्ही फळ्या, दिंडी, आतली आणि बाहेरची चौकट, गणेशपट्टी भिंतीतल्या दोन्ही टोकांसह, उंबरा, खालच्या उखळी, अडसर, कडी-कोयंडा, गुलमेखी, कट्ट्याचे घडीव दगड असं नाव घेऊन लिहिलं. प्रत्येकाचं माप आणि फोटो परिशिष्टात जोडले. उतरवायचं काम मोडकामाच्या ठेकेदाराकडे नाही, मालकांनी नेमलेल्या सुताराकडे, आणि ते पाडकाम सुरू व्हायच्या आधी पुरं करायचं. सगळा माल ताब्यात आल्याची सही होईपर्यंत विकसकाची ठरावीक रक्कम अडकलेली. वकील म्हणाले, एका दारासाठी अडीच पानं? विकसकानं मात्र पहिल्याच वाचनात मान्य केलं. काय उतरवायचं ते नेमकं ठाऊक असलं की त्यालाही ते सोपं जातं. ते दार चार दिवसांत अखंड उतरलं.

आमच्या दाराच्या पट्टीवर डावीकडे तुळईतला वीतभर तुकडा जोडला आहे, कोरा. आजी आता चौथ्या मजल्यावर राहतात. संकष्टीला खाली येतात, शेंदूर लावतात आणि कट्टा नाही म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. पार्किंगमध्ये खेळणारी पोरं त्यांना विचारतात, त्या पोपटाला शेपूट का नाही? आजी त्यांना आधी आंबा दाखवतात, चोचीपासून बोटभर लांब असलेला, आणि मग शेपटीची गोष्ट सांगायला घेतात.